चावून खावी

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी औषधवाल्या ताई खिडकीच्या आत बसून कात्रीने पट्ट्या कापत होत्या. निकोटिनच्या च्युइंगमची पट्टी दहा गोळ्यांची येते. माणसाला आठवड्याला छप्पन्न लागतात. म्हणजे पाच पट्ट्या आणि सहावीतल्या सहा गोळ्या.

रुग्णालयात सिगारेट-तंबाखू सोडायला आलेल्यांचं काम दोन वर्षांपासून त्यांच्याकडे आहे. औषध द्यायचं, कसं घ्यायचं ते समजावायचं, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी फोन करायचा. एकदा धरलेल्या माणसाला त्या सोडत नाहीत, म्हणून शेजारच्या खिडकीवरचा सहकारी त्यांना चिकटताई म्हणतो. "च्युइंगम तरी थुंकता येतं," अशी त्याची पुस्ती असते.

खिडकी उघडल्यावर पहिली आली ती त्यांच्या यादीतल्या एका शिंप्याची बायको. तिने एक पाकीट आत सरकवलं.

"हे परत घेता का? छत्तीस उरल्यात. आमच्या ह्यांना काही उपयोग नाही झाला."

"का हो काकू? काय झालं?"

"उचक्या थांबेनात. छातीत नुसती आग. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ह्यापेक्षा सिगारेट बरी. मी म्हटलं, एवढ्या गोळ्या गिळूनसुद्धा सुटत नाही तुमची, तुम्हाला कणाच नाही."

"गिळून?"

काकूंनी पाकिटावरच्या लेबलवर बोट ठेवलं. "लिहिलंय तसंच केलं की."

लेबलवर छापलं होतं: चावून खावी. दिवसातून आठ वेळा.

हे च्युइंगम खायचं नसतंच. चार-पाचदा हळू चावायचं, जीभ चुरचुरली की गालात धरून थांबायचं, पुन्हा थोडं चावायचं, अर्ध्या तासाने थुंकून टाकायचं. गिळलं तर जळजळ पदरात पडते आणि तलफ जिथल्या तिथे राहते. पण लेबल छापणाऱ्या संगणकात सूचना अकराच आहेत, आणि त्यातली जवळची म्हणजे 'चावून खावी'. बारावी सूचना घालून द्या, असा अर्ज ताईंनी कार्यालयात दिला, त्याला पाच महिने झाले. तोवर त्या लेबलखाली पेनाने लिहीत: गालात धरा, गिळू नका. शिंप्याच्या पाकिटावर पेनाचं एक अक्षर नव्हतं. ते दिलं त्या दिवशी रांग दारापर्यंत गेली होती.

ताईंनी फोनची वही उघडली. तिसऱ्या दिवसापुढे त्यांच्याच अक्षरात 'नियमित घेतात' आणि बरोबरची खूण. बोलणं त्यांना आठवलं. घेताय ना काका? "हो हो, चावून खातोय." त्यांचंच लेबल त्यांना वाचून दाखवलं जात होतं आणि त्यांनी खूण करून वही मिटली होती. पुढचे सगळे फोन नुसते वाजत राहिले.

"काका आहेत कुठे आता?"

"वरच. तिसऱ्या मजल्यावर, खाट नऊ. उजवं पाऊल काढायचं म्हणतात."

ताईंनी खिडकी सहकाऱ्याकडे सोपवली आणि पाकीट घेऊन त्या काकूंबरोबर जिना चढल्या.

शिंप्याने चाळीस वर्षं पायाने मशीन चालवलं. धुराने पायाच्या रक्तवाहिन्या बुजत गेल्या. उजवं पाऊल काळं पडलं होतं, डावं अजून गरम होतं. डाव्या पायाची रक्तवाहिनी मोकळी करता आली असती, पण खाटेला टांगलेल्या फाईलमध्ये लिहिलं होतं: 'औषध घेऊनही धूम्रपान चालू. रुग्णाचं सहकार्य नाही.' त्याखाली: 'डाव्या पायाची शस्त्रक्रिया नको.'

ताई उभ्यानेच म्हणाल्या, "काका, लेबल चुकीचं होतं. मीच लावलं होतं. ती गोळी गिळायची नसते. फोनवर तुम्ही सांगितलंत, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही."

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं. "माप तुम्ही चुकवलंत," तो म्हणाला, "आणि कापड माझं गेलं."

"हो."

मग तो बायकोकडे वळला. "ऐकलंस? कणा होता म्हणे." काकूंनी पायथ्याची चादर सरळ केली, जिथे ती आधीच सरळ होती.

शस्त्रक्रियेचे डॉक्टर फेरीला आले, तेव्हा ताईंनी पाकीट त्यांच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं.

"पाय कारण विचारत नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. "सिगारेट ओढली ना यांनी?"

"पाय नाही विचारत. पण ते 'सहकार्य नाही' वाचून तुम्ही डावाही सोडून दिलात."

डॉक्टरांनी पाकिटावरचं लेबल वाचलं, पाकीट उलटसुलट केलं, पुन्हा वाचलं. मग फाईलमधल्या दोन्ही ओळींवर काट मारून लिहिलं: 'सूचना चुकीची होती. च्युइंगम पुन्हा सुरू करावं. डाव्या पायाचा निर्णय चार आठवड्यांनी.'

"आणि उजवा?" काकूंनी विचारलं.

"त्याला आता उशीर झालाय."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. ताईंनी एक गोळी सोडवून शिंप्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती लगेच तोंडात टाकली नाही.

"चार आठवडे जमलं नाही तर?"

"तर डावाही धोक्यात. खोटं नाही सांगत."

"आणि जमलं तर एका पायावर मशीन चालवू?"

ताईंनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. शिंप्याने गोळी तोंडात टाकली, पाच वेळा चावली आणि गालात धरली. गाल किंचित फुगला. तो छताकडे बघत राहिला. ताई घड्याळ धरून अर्धा तास तिथेच उभ्या राहिल्या. उचकी लागली नाही.

खाली येऊन त्यांनी झालेल्या चुकीची नोंद करायचा अर्ज भरला. 'रुग्णाला झालेली हानी' या रकान्यात सौम्य, मध्यम, गंभीर असे तीन पर्याय होते. त्यांनी गंभीर निवडलं आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

वॉर्डच्या फळ्यावर उद्याच्या शस्त्रक्रियांची यादी लागली आहे. पहिली साडेसातला. खाट नऊ दुसरी आहे: उजवं पाऊल.