लांडग्याभोवतीचा चंद्र

ओल्या घोंगडीचा वास आला की मला शहरात उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेचा वर्ग आठवतो आणि अजूनही डोकं फिरतं. बाहेर झड लागली होती. वडील गावाकडं पाचोडला मेंढरं चुलत्यांच्या हवाली करून माझ्यासाठी भाकरी घेऊन आले होते आणि भिजलेली घोंगडी खांद्यावर टाकून वर्गाच्या दाराशी थांबले होते. आत विज्ञानाचे सर गुरू ग्रहाचे चंद्र शिकवत होते. ग्रीक लोकांत गुरू म्हणजे झ्यूस, देवांचा राजा. त्याचा सगळ्यात मोठा चंद्र गॅनिमीड, म्हणजे गोष्टीतला मेंढरं राखणारा पोरगा. तो झ्यूसला आवडला, म्हणून त्यानं गरुड होऊन त्याला उचललं आणि स्वर्गात दारू वाढायला ठेवलं. एवढं सांगून सर दाराकडं बघत म्हणाले, "बघा पाव्हणं, तुमच्यातलं पोरगं थेट आभाळात गेलं. केवढा मान." वर्ग खदखदून हसला. वडिलांनी विचारलं, "त्याच्या बापाला इचारलं व्हतं का?" सर म्हणाले, "बापाला बदल्यात घोडे दिले की." "आमच्यात लांडग्यानं कोकरू नेलं तर त्याला मान म्हणत नाय, मास्तर," वडील म्हणाले आणि भाकरी उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. तो राग सरांनी माझ्यावर काढला. तास संपेपर्यंत मला बाकावर उभं केलं. आता तोच धडा मी शिकवते. त्या सरांना मी माफ केलेलं नाही आणि झ्यूसलाही नाही. पोरगा चंद्र झाला म्हणतात, पण अजून फिरतोय त्या लांडग्याभोवतीच.