साडेअकरा आटे

पंपाच्या तोंडात पाईप तीन वेढे फिरून अडकला, तेव्हा मला वाटलं, वा, काय घट्ट बसला. म्हणून मी पान्याला सगळ्या देहानिशी लोंबकळलो, आणि घरच्या लेथवर कापलेल्या माझ्या आट्यांचा भुगा खाली पडला.

पंप कारंजा गावातल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या लिलावातला, अमेरिकेचा. तो जऊळक्याच्या आमच्या विहिरीवर बसवायचा होता. बायकोनं लावलेली संत्र्याची कलमं ती डोक्यावर घागरी वाहून जगवत होती, आणि पाणी रोज खाली चाललं होतं.

बिघडलेला तुकडा घेऊन वाशीमला गेलो. लोखंडाच्या दुकानदारानं तो उलटासुलटा पाहिला.

"भाऊ, इंची पाईपाले आपल्याकडं इंचात अकरा आटे. अमेरिकेचं माप न्यारं. लढाईपायी तिकडचा माल बंद हाये, ते जोड आता भेटत नाही. लढाई सरल्यावर या."

"आन् तवर माझी संत्र्याची कलमं?"

"वाळतीन. दुसरी लावजा."

एरवी मी दुकानात भाव करायलाही लाजतो. त्या दिवशी म्हणालो, "जोड मीच कापतो. घरी." गादीवर टेकलेले दोघे-तिघे मोकळेपणानं हसले.

पंपाच्या तोंडात मेण दाबून ठसा काढला. इंचात साडेअकरा आटे भरले. ह्या अर्ध्यानंच माझी फजिती केली होती. तेवढे कापायचे तर लेथला शेहेचाळीस दात्यांचं चाक हवं. ते माझ्याकडं नव्हतं. मग बाभळीचं केलं. कडेवर कागदाची पट्टी गुंडाळून दाते आखले, कानशीनं कोरले, आणि बैलगाडीच्या आखाला लावतात ते ओंगण फासलं. मी पायानं लेथ मारायचो तेव्हा ते चाक असं रडायचं, की शेजारीण विचारून गेली, घरात बरं आहे ना. पहिल्या चाकाचे दाते उडाले. दुसरं केलं. दुकानदार हसत असेल तर हसो, लाकूड काही संपलं नव्हतं.

शेवटी वीतभर तुकडा तयार झाला: एका टोकाला पंपासाठी साडेअकरा आटे, दुसऱ्याला आपल्या पाईपासाठी अकरा. अंबाडीचा धागा गुंडाळला, जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावला, तुकडा पंपावर चढवला, आणि पंपाचा दांडा मारू लागलो. आधी नुसती हवा खोकली. मग पाणी आलं.

मी कंबरेवर हात ठेवून त्या धारेकडं पाहत राहिलो. बायको म्हणाली, "उभे कायले राह्यले? पलीकडं आनखी कलमांचे खड्डे खंदून ठेवले हायेत. तुमचं पयलं चाक तुटलं, त्याच दिवशी खंदले."