क्वीन्सटाउनची जिंजी

“वेढा पडू दे, कोठार भरलंय!” लिफ्ट बंद पडो, जहाजाला उशीर होवो, की बायको अबोला धरो, आमच्या शेजाऱ्यांचं उत्तर ठरलेलं. जहाजावर चीफ इंजिनियर, म्हणून आम्ही त्यांना चीफसाहेबच म्हणायचो.

जहाज मद्रासला लागलं होतं तेव्हा ते जिंजीचा गड पाहून आले. झालं! तीन डोंगर, पडके तट, धान्याची प्रचंड कोठारं... “राजाराम महाराज वर्षानुवर्षं वेढ्यात तगले, ते काय उगाच?” चहा निवायचा, जिंजी संपायची नाही.

त्या दिवाळीत त्यांनी इथं परदेशात, क्वीन्सटाउनच्या आमच्या इमारतीत दहाव्या मजल्यावर, दाराबाहेर मातीची जिंजी उभारली. कोठारात खरे तांदूळ, तळ्यात खरं पाणी. दहा वर्षांची लेक इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, “पप्पा, नोबडी डझ धिस, लाह!” पण मातीत हात तिचेच जास्त.

नरकचतुर्दशीला सकाळीच डासांची तपासणी करणारा सरकारी माणूस आला. तळं बघून म्हणाला, साचलेलं पाणी चालणार नाही, सगळं उचला.

चीफसाहेब पांढरेफटक पडले. दुपारी त्यांना जहाजावर चढायचं होतं. मला हळूच म्हणाले, “वहिनी, हा गड मोडला तर पोरीपाशी काय ठेवून जाऊ?” आणि त्या सरकारी माणसासमोर मात्र हात पसरून उभे! “पाणी गेलं की गड गेला!” अहो, काय हा हट्ट! तो माणूस दंडाची वही काढायला लागला.

तेवढ्यात पोरगी खाली बसली. शाळेच्या रुमालानं तिनं तळं टिपलं आणि रुमाल मोरीत पिळला. दोनदा, तीनदा. “अंकल, ड्राय ऑलरेडी. कॅन कीप?”

त्यानं तळ्यात बोट फिरवलं, होकारार्थी मान डोलावली नि गेला. चीफसाहेब पायरीवर बसले. डोळे पुसत म्हणाले, “माझ्यापेक्षा हुशार किल्लेदार निघाली.”

दुपारी ते जहाजावर गेले. चार महिन्यांनी बातमी आली. इंजिनरूममध्येच छातीत कळ आली होती.

पुढच्या दिवाळीला त्यांच्या दाराबाहेर पणती लागणार नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो. सकाळी दार उघडते तर मातीचे तीन डोंगर. वाकडेतिकडे. तळ्याच्या जागी निळा कागद. पोरगी मुठीनं तांदूळ भरत होती.

“एकटीनं गड केलास गं?”

तिनं वर पाहिलं नाही. मराठीत म्हणाली, “मावशी, कोठार भरलंय.”

मी घरात जाऊन वाटीभर तांदूळ घेऊन आले आणि तिच्याशेजारी बसले.