शिफ्ट कोण दाबतं?

कचेरीत त्याला सगळे 'फौजदार' म्हणत. पेन हरवलं तरी आधी शेजाऱ्याचा खिसा न्याहाळणारा गडी! कामही त्याला साजेसंच मिळालेलं. कीबोर्डवर शिफ्ट, कंट्रोल, कॅप्स लॉक यांपैकी काय दाबलंय, काय लावून ठेवलंय ते वाचायचं आणि हवं तसं बसवायचं, असे सी भाषेतले प्रोग्रॅम तो लिही.

घरच्या संगणकाबद्दल मात्र त्याला वेगळाच वास येऊ लागला. रोज संध्याकाळी 'चिकट शिफ्ट' चालू सापडे, म्हणजे दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत दाबलेलीच राहणारी. तो ती बंद करी, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू! त्याच्याखेरीज घरात माणसं दोनच. वडिलांचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला. व्यायामाचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड फिरवत. उरला नोकरी गेल्यापासून इथेच राहणारा धाकटा भाऊ.

"माझ्या कामात नाक खुपसतोस?" त्याने धाकट्याला दरडावलं.

"दादा, तुझ्या कामाला मी हात लावलेला नाही."

"मग भुताने लावला? उद्या बिऱ्हाड हलव."

धाकटा मान खाली घालून बॅग भरू लागला. फौजदाराला तोच कबुलीजबाब वाटला. सकाळी धाकटा बॅग घेऊन निघूनही गेला, पण याला पुरावा हवा होता. बटणांची स्थिती वाचून कचेरीत कळवणारा छोटा प्रोग्रॅम त्याने घरच्या संगणकात सोडून ठेवला.

दुपारी त्याच्या पडद्यावर ओळी उमटल्या. शिफ्ट दाबली. सोडली. बऱ्याच वेळाने एक अक्षर. पुन्हा तेच.

घराची किल्ली ठेवून घेतली तर लबाडाने! तो तडक निघाला. जिना उतरताना मात्र त्याचा पाय थबकला. धाकटा तर दहा बोटांनी धडाधड टाइप करतो. शिफ्ट सोडून मग अक्षराकडे जावं लागतं ते एकच हात असलेल्याला.

घरी वडील संगणकासमोर बसले होते. त्याला पाहताच त्यांनी डावा हात शालीखाली लपवला.

"काही बिघडवलं नाही रे मी," ते घाईने म्हणाले. "जमतंय का बघत होतो. तुझ्यासमोर फजिती नको, म्हणून धाकट्याला शपथ घातली. ते शिफ्टचं चालू करून द्यायचा तोच. काल रात्री मला शिकवलंन, आणि गेला."

फौजदाराला स्वतःची लाज वाटली. बाप आपल्याला भिऊन चोरासारखा हात लपवतो! खुर्ची ओढून तो शेजारी बसला. संगणक सुरू होताच शिफ्ट आपोआप चिकट व्हावी, एवढी ओळ त्याने प्रोग्रॅममध्ये घातली आणि फोन लावला.

"आता काय राहिलं माझं तिकडे?" धाकट्याने विचारलं.

"शिफ्ट चालूच ठेवलीय," तो म्हणाला. "घरी ये."