भुताचा खोकला
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की प्रताप नगरातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. कॉलेजसाठी आम्ही भुताची छोटी फिल्म करत होतो. पांढरी साडी, मोकळे केस, किंकाळ्या यातलं काहीच नको, आमचं भूत दिसणारच नाही, फक्त भिंतीपलीकडून खोकेल, असं ठरलं. बाबांना महिनाभर खोकला होताच. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी कूलर बंद केला आणि त्यांच्यापुढे माइक धरला. घामाघूम होऊन ते खोकले, धाप आवरत हसले आणि म्हणाले, "अजून पायजे का गा?" मी म्हटलं, "हो बाबा, अजून जोरात." फिल्मला बक्षीस मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात कूलर लावायला बाबा नव्हते. तो खोकला ऐकून लोक आजही दचकतात. मी तेव्हाच दचकायला हवं होतं.