सप्रेम भेट, चांगो

चांगो पेंटरनं रंगवलेला पुढारी तुम्ही पाहिला असणारच. कर्जत-खालापुरातल्या कुठल्याही शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत शिरा, खुर्चीच्या मागे भिंतीवर कोटटोपीतला एक रुबाबदार माणूस असतो. खाली ठसठशीत अक्षरांत ‘सप्रेम भेट’ आणि देणाऱ्याचं नाव. काढणाऱ्याचं नाव शोधत बसू नका, ते नाहीच. तिथं दुसरं नाव आलेलं भेट देणाऱ्यांना खपायचं नाही. जळ्ळं त्यांचं प्रेम! माझं खालापुरात फ्रेमचं दुकान होतं, त्या सगळ्या तसबिरींना काच मी बसवली, म्हणून बोलतो.

चांगो लोधिवलीचा, भातशेतीवाल्या घरातला. एकोणीसशे पन्नास-बावन्नच्या सुमाराला हायवेवर ट्रकांची नावं रंगवता रंगवता तो चेहऱ्यांकडे वळला. कुणी मोठा माणूस वारला की समितीवाले वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन यायचे. चांगो त्यावर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखायचा, तसेच मोठे चौकोन कॅनव्हासवर, आणि एकेक चौकोन भरत जायचा. कात्रण काळंपांढरं. “मानूस गोरा व्हता का सावला?” असं त्यानं विचारलं की समितीवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. “गोराच करा,” म्हणायचे. इतके गोरे पुढारी या तालुक्यात कधी होऊन गेले, देव जाणे.

लोक वाहवा करायचे, पण चांगोच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. “शेट,” तो मला म्हणायचा, “समदी उमर फोटोची नक्कल करण्यात गेली. येक तरी जिता मानूस समोर बसाया पायजे. त्याच्याकडं बघून काढीन, तवा मी पेंटर.”

“मग गौराबाईला बसव की!”

गौराबाई त्याची बायको. ती चुलीपासनंच कडाडायची, “माजं नाव घेऊ नका! ह्ये ज्याला काढतात त्याला हार पडतो.” तिचं तरी काय चुकत होतं? चांगोनं काढलेलं प्रत्येक तोंड मेलेल्या माणसाचं, आणि प्रत्येक तसबिरीवर हार. गावातलं कुणीच त्याच्यापुढं बसायला धजत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्याची एकसष्टी आली, त्यांची तसबीर करायची ठरली. साहेब चांगोला म्हणाले, “येतो मी, बसतो तुझ्यासमोर.” चांगोला काय करू नि काय नको झालं. त्याचा हात तेव्हा कापायला लागला होता. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं पडवीला चुना काढला, माझ्या दुकानातली हातांची खुर्ची नेली, तिच्यावर नवा टॉवेल घातला. त्या दिवशी मीही मुद्दाम लोधिवलीला गेलो.

सकाळ गेली. उन्हं चढली. शेवटी जीप आली, पण आत नुसता ड्रायव्हर. त्यानं एक फोटो पुढं केला. “साहेबांना वेळ नाही. यावरनं काढा म्हणाले. आणि जरा तरुण दाखवा.”

मला असा संताप आला, की तो फोटो फाडून त्या जीपवर फेकावा! चांगो मात्र खाली बसला, पेन्सिल घेतली आणि फोटोवर चौकोन आखायला लागला. रेघ सरळ येईना. डोळ्यांतलं पाणी टपटप फोटोवर पडत होतं.

गौराबाई भाकऱ्या टाकायच्या सोडून बाहेर आली. क्षणभर नवऱ्याकडं बघत उभी राहिली. मग पदर सारखा केला आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.

“काढा,” म्हणाली.

“अगं, हार...”

“पडू दे हार. पर तुमी रडू नका.”

त्यानं साहेबांचा फोटो तसाच परत पाठवला आणि गौराबाईला काढलं. चौकोन नाहीत, काही नाही. तिच्याकडं तो असा बघायचा, की मला तिथनं उठून जावंसं वाटे. चित्रात ती आहे तशी सावळी आली, मनगटाला पीठ लागलेली, थोडी भ्यालेली. खाली त्यानं लिहिलं, ‘सप्रेम भेट, चांगो’. मी फ्रेम करून दिली, पण गौराबाईनं ती भिंतीला लावू दिली नाही. कुणी चुकून हार घालेल म्हणून तांदळाच्या कणगीमागं ठेवून दिली.

ब्याऐंशीत चांगोच गेला. तेराव्याला माणसं जमली, हार आला, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की चांगोचा फोटोच नाही. साऱ्या घरात एकही नाही! उभ्या तालुक्याच्या तसबिरी करणाऱ्या माणसाला स्वतःची तसबीर नव्हती. कुणी म्हणालं, पाटावर नारळ ठेवा.

गौराबाई उठून आत गेली आणि कणगीमागची फ्रेम घेऊन आली. ती पाटावर टेकवून तिनं हार उचलला, तशा बाया ओरडल्या, “अगं बाय, जिती हायस तू! सोताला हार घालतेस?”

तिनं कुणाकडं पाहिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. माझ्याकडं वळून म्हणाली, “शेट, ह्यांचं नाव कुटं हाय?”

मी बोट ठेवलं. तिनं हार तिथं ठेवला.