बोर्डावर चारच राहिलं

"मॅडम, बोर्ड पे तो चार लिखा है!" ट्रकवाला माझ्यावरच ओरडत होता.

वडप्याच्या गोडाऊनमध्ये क्लायंटसमोर आमच्या नव्या स्क्रीनचा डेमो होता. गेटवर मोठा बोर्ड. कुठला ट्रक कुठल्या डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या फलाटाला लावायचा, ते त्यावर दिसतं. पहिल्या ट्रकला चार नंबर आला, बरोबर आला. पण पुढच्या प्रत्येक ट्रकलाही बोर्ड चारच सांगत राहिला. गेटवर ही रांग लागली, हमाल वैतागले आणि आमचे सर क्लायंटच्या शेजारी लालबुंद होऊन उभे.

ती स्क्रीन मिलिंददादांची. मिलिंददादा मूळचे अकलोलीचे, आमच्या दापोड्याच्या ऑफिसातले सगळ्यात जुने डेव्हलपर. मला कामाला लावलं त्यांनी, शिकवलंही त्यांनी. आम्ही व्ह्यू वापरतो. वेबपेज बांधायची ती एक तयार चौकट आहे, फ्रेमवर्क म्हणतात. तिची लिहायची पद्धत मध्यंतरी बदलली आणि सरांनी फर्मान काढलं, नवीन स्क्रीन नव्याच पद्धतीने. "जमत नसेल तर आत्ताच सांगा," हे दादांकडे बघून. डेमो फसला तर दादांची नोकरी जाणार, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

दादा जिद्दीला पेटले. यूट्यूबवरचे हिंदी व्हिडिओ जुने निघाले, तेव्हा त्यांनी व्ह्यूच्या साइटवरचे डॉक्स, म्हणजे वापरायची माहिती, वाचायला घेतले. इंग्रजी अडलं की डब्याच्या वेळी मला विचारायचे. "या वयात परीक्षा हाय बघ माझी," म्हणून हसायचे. मलाच कसंतरी व्हायचं.

डेमोवरून परतताना गाडीत सर म्हणाले, "डॉक्स वाचायची सवय नाही, दुसरं काय!"

"सर, मी वाचलंय," दादा हळूच म्हणाले.

"मग बोर्ड का अडकला?"

दुसऱ्या दिवशी त्यांना राजीनामा लिहायला लावला. निरोपाचा समोसासुद्धा त्यांनी खाल्ला नाही.

त्यांची स्क्रीन दुरुस्त करायला माझ्याकडे आली. मी कोड वाचला, परत वाचला. चूक सापडेना. मग साइटवर ताडून पाहिलं, तर अगदी तिथल्यासारखंच लिहिलेलं! शेवटी आमच्या प्रोजेक्टमधलं व्ह्यूचं व्हर्जन बघितलं आणि डोकं फिरलं माझं.

सोपं करून सांगते. स्क्रीनच्या एका तुकड्याला वरून जी माहिती मिळते, तिला प्रॉप्स म्हणतात. ती जणू एका पिशवीत येते, आणि पूर्वी ती पिशवीतूनच वापरावी लागायची. बाहेर काढून ठेवली की ती तिथेच गोठायची, पुढचा बदल तिला कळायचा नाही. अलीकडच्या व्हर्जनमध्ये हे सुधारलंय. आता बाहेर काढली तरी ती बदलत राहते. दादा हेच शिकले होते, आणि साइट उघडली की सगळ्यात नवीन व्हर्जनच समोर येतं. आमचा प्रोजेक्ट मात्र त्याच्या एक पायरी मागे होता, म्हणून पहिला चार नंबर तिथेच गोठला. मी अपडेट मागितलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, "चालतंय ना? मग हात लावू नका."

मी तडक केबिनमध्ये गेले. "सर, दादांचं बरोबर होतं. आपलं व्हर्जन जुनं आहे."

त्यांनी बघितलं. "ठीक आहे, अपडेट करून टाक."

"आणि दादा?"

"आता राजीनाम्याचे पेपर गेले, माधुरी. सोमवारी नवीन मुलगी जॉइन होतेय."

मी व्हर्जन वाढवलं. दादांच्या कोडची एकही ओळ बदलली नाही. बोर्ड धडाधड नंबर बदलायला लागला आणि मला रडूच कोसळलं.

दादांना फोन लावला. ते मेव्हण्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसायला लागले होते, मागे हॉर्न वाजत होते. सगळं सांगितलं.

"चूक तुमची नव्हती, दादा."

"म्हंजे मला येत होतं?"

"येत होतं, दादा."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, आपलं डोकंच चालत न्हाय आता." मग म्हणाले, "ठेवतो, गाडी आली." त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही, असं वहिनी सांगतात.

नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते. साइटवर काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी आपलं व्हर्जन बघा. ती मान डोलावतात. एवढ्यावरून कुणाचं काय जातं, हे त्यांना कसं कळणार?